ढगातलं दुसरं विमान

चि. वैमानिकबाई,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. ‘सर, मोठ्या विमानांत टक्कर टाळायला सांगणारं टीकॅस यंत्र असतं, मग तेच आपल्याला चुकवतील ना?’ सोलोच्या, म्हणजे पहिल्या एकट्याच्या उड्डाणाच्या, उंबरठ्यावर हे सगळ्यांच्याच मनात येतं, तू निदान विचारलंस. फोनवर सांगितलं असतं तर ‘हो सर, हो सर’ करून मोकळी झाली असतीस, म्हणून सविस्तर लिहितोय.

१६ सप्टेंबर २०१०, अमेरिकेतलं मिनीॲपोलिस, सकाळची वेळ. यूएस एअरवेजचं एअरबस ए-३२० फिलाडेल्फियाला निघालेलं, आत कर्मचारी धरून ९५ माणसं. शेजारच्या समांतर धावपट्टीवरून त्याच सुमारास बीच-९९ हे छोटं मालवाहू विमान ला क्रॉसला निघालं. त्यात एकटा पायलट. ढगांचा तळ जेमतेम ९०० फुटांवर. एअरबस उडतंय न उडतंय तोच टॉवरने त्याला डावीकडे वळायला सांगितलं, आणि ते वळण नेमकं बीचच्या वाटेवर गेलं. जमिनीपासून साधारण दीड हजार फुटांवर, भर ढगात, दोन्ही विमानांच्या वाटा एकमेकींना छेदून गेल्या. रडारच्या नोंदींवरून काढलेला अंदाज असा की वर-खाली अंतर उरलं होतं ५० ते १०० फूट. एअरबसच्या टीकॅसने वर चढायला सांगितलं, म्हणून तेवढं तरी उरलं. दिसलं कुणालाच काही नाही. बीच जवळून गेल्याचं एअरबसच्या कॅप्टनला नुसतं ऐकू आलं.

आणि बीचचा पायलट? त्याच्याकडे टीकॅस नव्हतं. आपल्या शेजारून काय गेलं याचा त्याला पत्ताच नव्हता. तू एअरबसच्या सीटवर बसून विचार करतेस, पण पुढची काही वर्षं तू बीचवाल्याच्या सीटवर असणार आहेस.

आता टीकॅसचं बघ. ते आजूबाजूच्या विमानांतल्या ट्रान्सपाँडरना, म्हणजे आपली ओळख आणि उंची रेडिओने कळवणाऱ्या यंत्रांना, विचारतं आणि मिळालेल्या उत्तरावर चालतं. तुझा ट्रान्सपाँडर स्टँडबायवर राहिला, तर त्याच्या लेखी तू आकाशात नाहीसच. उंची न पाठवणाऱ्या मोडवर राहिला, तर कुणीतरी जवळ आहे एवढं त्याला कळेल, पण वर चढा की खाली उतरा हे त्याला सांगता येणार नाही. आणि सगळं नीट असलं तरी जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली ते ‘चढा-उतरा’ म्हणतच नाही, फार तर ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ म्हणून ओरडतं. मिनीॲपोलिसला हा प्रसंग आणखी पाच-सहाशे फूट खाली घडला असता, तर? तुझं सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची ठरलेली घिरटी, किती फुटांवर असतं, ते तुला मी सांगायला नको.

यावर तू म्हणशील, ढगात नाही दिसत, पण आपण तर स्वच्छ हवेतच उडतो. मग सॅन दिएगोचा अपघात वाच. २५ सप्टेंबर १९७८, लख्ख ऊन. पीएसए या विमान कंपनीचं बोइंग ७२७ उतरायला येत होतं आणि पुढे खालच्या बाजूला एक सेसना १७२ होतं. तेच ग तुझं लाडकं. त्यात प्रशिक्षक आणि शिकाऊ असे दोघं. कंट्रोलरने बोइंगला सेसनाची कल्पना दिली, त्यांनी दिसलं म्हणून कळवलं आणि अंतर राखायची जबाबदारी स्वतःकडे घेतली. नंतर ते दिसेनासं झालं. मागे गेलं असेल, असं कॉकपिटमध्ये आपापसांत ठरलं. कंट्रोलरला ‘आता दिसत नाही’ असं स्वच्छ कुणी सांगितलं नाही. दोन्ही विमानांची टक्कर झाली. १४४ माणसं गेली, त्यातली सात खाली जमिनीवरची. सेसनाही दिलेल्या दिशेवरून भरकटलं होतं. कंट्रोलच्या रडारवर टकरीचा इशारा वाजूनही त्यावर काही झालं नाही. हे सगळं खरं, पण माझं मन दरवेळी त्या न बोललेल्या वाक्यापाशी अडकतं.

‘ट्रॅफिक इन साइट’, म्हणजे दुसरं विमान दिसलं, असं म्हणताना तुम्हा मुलांना फार ऐट वाटते. ‘निगेटिव्ह काँटॅक्ट’, म्हणजे दिसत नाही, असं म्हणताना मात्र जीभ अडखळते, जणू डोळे कमजोर असल्याची कबुलीच. दिसलेलं विमान हरवलं की त्याच क्षणी सांग. कंट्रोलर वैतागला तर वैतागू दे.

आणि बाहेर बघायचं म्हणजे नजर सरसर फिरवायची नाही. फिरती नजर जवळजवळ आंधळी असते. दहा-दहा अंशांचा तुकडा घे, तिथे क्षणभर थांब, मग पुढे. जे विमान काचेवर सरकतंय ते सहसा निघून जातं. जे एकाच जागी चिकटून आहे, मेलेल्या किड्याच्या डागासारखं दिसतंय आणि हळूहळू मोठं होतंय, ते तुझ्याकडे येतंय. ते शेवटपर्यंत बारीकच वाटतं आणि मग एकदम काचभर होतं. डागाचा संशय आला तर मान थोडी हलवून बघ: काचेवरचा डाग बाहेरच्या आकाशावर सरकलेला दिसेल, विमान सरकणार नाही.

रेडिओवर फक्त आपल्या कॉलसाइनसाठी, म्हणजे आपल्या विमानाच्या हाकेसाठी, कान टवकारणं सोड. डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने) कोण आहे, फायनलला (उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर) कोण, हे दुसऱ्यांच्या बोलण्यातून मनात मांडत राहा. सुरुवातीला डोकं भणभणेल, महिनाभरात सवय होईल.

सोलोच्या आधी चेकलिस्टमधल्या ट्रान्सपाँडरच्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मार. मल्टी-इंजिनच्या फीबद्दल विचारलं होतंस, त्याची चौकशी करून रविवारी फोन करतो.

कळावे,
सर