आधी बंद गाडी ढकलून बघ

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

रात्री दीडला मेसेज टाकलास. दोन मोटारसायकलींचे फोटो, खाली एक्सेलची शीट आणि शेवटी ‘काका, कुठली घेऊ? डोकं चालत नाहीये’. शीट बघितली. टॉर्क, टाकी, मायलेज, क्रूझ कंट्रोल, सगळं भरलंयस. एक रकाना मात्र नाही. बंद गाडी तुला एकट्याला मागे घेता येते का?

रॉयल एन्फिल्डच्या सुपर मिटिऑर ६५० चं वजन २४१ किलो. होंडाची ती सेकंडहँड गोल्ड विंग टूर पावणेचारशेच्या पुढे. आणि तू स्वतः केवढा आहेस ते आरशात बघ.

चालताना वजन जाणवत नाही, म्हणशील. खरंय. गोल्ड विंगचं सहा सिलिंडरचं इंजिन आडवं आणि खाली बसवलंय, चाकं फिरली की तिचा आकार विसरायला होतो. मी चालवलीय, उतरावंसं वाटत नव्हतं. पण अरे, चालत्या गाडीचं कौतुक सगळेच करतात. वरंधा घाटात चहाला थांबलास, गाडीचं तोंड दरीकडे, पुढे किंचित उतार, खाली बारीक खडी आणि बूट सरकतोय. आता निघायचंय. काय करशील? तिला रिव्हर्स आहे, माहितीय मला. तो द्यावा लागला म्हणजे हे माणसाच्या पायांचं काम नाही हे कंपनीलाही ठाऊक आहे. आणि गाडी एकदा कलली की रिव्हर्स ती सावरत नाही.

बरं, नेणार कुठे? ही गाडी अमेरिकेतल्या सरळसोट हायवेवर दिवसभर एका वेगानं जाण्यासाठी. तसे रस्ते आपल्याकडेही झाले, पण मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर बंदी, अटल सेतूवर बंदी. उरतो जुना हायवे, ताम्हिणी, आंबोली आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी पट्टे उडालेले स्पीडब्रेकर. नवी घेतली तर चाळीस लाखांच्या घरात जाणारी गाडी, आणि तिच्यावर बसून कंटेनरच्या मागे रांगत खंबाटकी चढायचा!

मिटिऑरची वकिली करत नाहीये. तिचं मागचं सस्पेन्शन जेमतेम १०० मिलिमीटर हलतं. पाय पुढे असल्यामुळे खड्डा आला तरी उठून उभं राहता येत नाही, सगळा दणका माकडहाडाला. विंडस्क्रीन लावावी लागेल, सीट बदलावी लागेल. पण रात्री पावसात चुकीच्या बोळात शिरलास तर खाली उतर, गाडी कमरेला टेकव, पुढच्या ब्रेकवर दोन बोटं ठेव आणि हळूहळू मागे घे. निघते. एकट्याला निघते. बाकीचे सगळे रकाने मला त्यापुढे गौण आहेत.

ग्रुपमधले अजून म्हणतात, काकांकडे पैसे नव्हते म्हणून मोठी गाडी आली नाही. होते. बुकिंगपर्यंत गेलो होतो. शोरूममध्ये इंजिन बंद ठेवून तिला मागे घ्यायला लागलो तर सेल्समन धावत आला आणि मागून धरू लागला. चांगला मुलगा होता, पण तो काही माझ्याबरोबर घाटात येणार नव्हता. चेकबुक खिशात ठेवलं आणि घरी आलो. त्यात लाजण्यासारखं काय आहे, मला अजून कळलेलं नाही.

हिचं मत वेगळं आहे, तेही ऐक. गोल्ड विंगची मागची सीट म्हणजे सोफाच. माझ्या थंडरबर्डवर ही साताऱ्याच्या पुढे यायची बंद झाली. हंपी मी एकट्यानं बघितलं, कोकणात एकटाच फिरलो, आणि फोटो दाखवताना ती नुसतं ‘छान’ म्हणायची. ते लागतं मनाला. तरी नियम बदलत नाही मी. तुझ्या मागे कायम कुणी बसणार असेल तर तसं सांग. शीटमध्ये तोही रकाना नव्हता.

असो. गोल्ड विंगच्या त्या मालकाला रविवारी गाडी घेऊन आमच्या सोसायटीत बोलाव, टाकी फुल करून. गेटपाशी थोडा उतार आहे. तोंड खाली करून लावू, किल्ली मी खिशात ठेवीन, तुला कुणी हात लावणार नाही. निघाली मागे, तर टोकन मी भरतो. तोवर त्याला एक रुपया देऊ नकोस.

तुझा,
काका