आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हा दुकानदारांनी गरिबांना लुटलं, हे खरं का? आणि घरात सापडलेल्या ३ आणि २० पैशांच्या नाण्यांना आज काही किंमत येईल का?

सोलापुरात मंगळवार पेठेत आमच्या वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. हा आरोप मी घरच्या लग्नाकार्यात लहानपणापासून ऐकत आलोय, म्हणून एकदाचं लिहितो.

१ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. चार आण्यांच्या पावलीचे २५, आठ आण्यांच्या अधेलीचे ५०, इथवर कुणाचं भांडण नव्हतं. घोळ सुट्या आण्याचा, म्हणजे रुपयाच्या सोळाव्या भागाचा. त्याचे होतात सव्वासहा, आणि पाव पैशाचं नाणं आणायचं कुठून? सरकारी नियम असा की अपूर्णांक अर्धा किंवा कमी असेल तर सोडायचा, अर्ध्याच्या वर गेला की पूर्ण पैसा धरायचा. म्हणून १ आणा म्हणजे ६, २ आणे १२, ३ आणे १९, ४ आणे २५. वडिलांनी हा तक्ता पुठ्ठ्यावर लिहून गल्ल्यामागे टांगला होता. आता सांगा, आण्यामागे पाव आणि दोन आण्यांच्या चवलीमागे अर्धा पैसा कुणाचा गेला? दुकानदाराचा!

ही गोम सगळ्यात आधी कळली आमच्या आतोबांना. गिरणीत होते, हिशेबाला पक्के. घरात चार आण्यांचं करडईचं तेल हवं असलं की चार पोरांना चार वाट्या देऊन पाठवायचे, प्रत्येकाच्या मुठीत ६ नवे पैसे. "मामा, एक आण्याचं तेल." पाठोपाठ दुसरा, "मामा, एक आण्याचं तेल." २५ च्या जागी २४. वडील मुकाट्याने पळी बुडवत राहायचे. एकदा आतोबा स्वतःच पोरांमागे उभे होते, तेव्हा मात्र वडील बोलले, "दाजी, एका घरची पोरं, एकच हिशेब. २५ द्या की."

"चार गिऱ्हाईकं, चार हिशेब. तक्ता तुमचाच आहे."

दुकानात हशा पिकला. वडिलांनी २४ च घेतले. पण आतोबांनी पुढे जन्मभर सांगितलं काय, तर मेहुण्याने भर दुकानात एक पैसा जास्त मागितला! आता त्यांचा मुलगा तेच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहितो, वर "व्यापारी शेवटी व्यापारीच" ही शेरेबाजी. अरे बाबा, ते तेल तूच न्यायचास ना? असल्या गोष्टी सांगणाऱ्याला आधी तक्ता विचारा. बहुतेकांच्या डोक्यात शेर जाऊन किलो आला तो रागही यातच कालवलेला असतो. ती वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, तो वेगळा विषय.

हां, एक मात्र मान्य करतो. सुट्या पैशाला गरिबाला खरंच टोचलं. जुने पैसे रुपयाला ६४, म्हणजे एकाचे दीडाहून थोडे जास्त नवे पैसे, आणि नियमाने २ धरायचे. बिड्या वळणाऱ्या बायका रोज पैशाची हळद, पैशाची मोहरी न्यायच्या. त्यांच्यासाठी ती सरळ भाववाढच होती. वडील चिमूट वाढवून द्यायचे. सगळे देत होते असं मी म्हणणार नाही.

नाण्यांचं म्हणाल तर फार आशा धरू नका. ॲल्युमिनियमचं ३ पैशांचं १९६४ पासूनचं, त्याच वर्षी १ जूनपासून पैशामागचं "नवे" गेलं. ॲल्युमिनियमचंच षटकोनी २० पैशांचं १९८२ पासूनचं. अशी नाणी डब्याडब्यांत पडून आहेत, त्यांना कोण मोल देणार? २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ ला बंद झाली, बँकही घेणार नाही. फोनवर कुणी लाखो रुपये कबूल करून आधी 'फी' मागितली, तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशाराही दिलाय.

५० पैसे अजून कायद्याने चालतात, १० रुपयांपर्यंतच्या रकमेला. दुकानदार घेत नाही म्हणून ओरड करणारी मंडळी स्वतः १० रुपयांचं नाणं सुटे म्हणून दिलं की "नोट द्या" म्हणतात. त्या नाण्याचे तोवर निघालेले सगळे १४ नमुने चालतात, हे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सांगितलंय.