पंप खोलायच्या आधी

पोट्ट्या, एक्स्कॅव्हेटरचं बूम, बकेट, स्विंग (वरचा भाग फिरणं) सगळंच एकदम मेलं तर हायड्रॉलिक पंपाला हात लावू नको. बकेट जमिनीवर, इंजिन बंद, चावी ऑन. आधी सेफ्टी लिव्हरचा (सगळे कंट्रोल लॉक करणारा) फ्यूज आणि स्विच बघ, मग पायलट सोलेनॉइड, म्हणजे कंट्रोलला तेल सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह. तोच लिव्हर हलवताना सोलेनॉइडच्या कॉइलच्या नटाला स्क्रूड्रायव्हर टेकव; चिकटला तर करंट पोचतोय.

नाही चिकटला तर मीटर लाव, पण प्लग जोडलेलाच ठेवून. काढलेल्या प्लगवर 24 व्होल्ट दिसले म्हणून भुलू नको. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी तेवढे दिसतात, लोड आला की कोसळतात. मी उमरेड रोडला, मे महिन्याच्या उन्हात, चांगला पंप खोलून बसलो होतो. दोष निघाला अर्थिंगच्या तारेच्या गंजक्या बोल्टात! पावसाळ्यात तर आपल्या काळ्या मातीचा चिखल कनेक्टरमध्येही घुसतो बाप्पा.