वाचकांचे प्रश्न : तेलुगू कुठे, आफ्रिकान्स कुठे?

तेलुगू आणि आफ्रिकान्स या भाषांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवून खाली ‘आफ्रिकान्सचा विस्तार मोठा’ असे छापलेले एक चित्र सध्या मोबाईलवरून फिरत आहे. त्यावरून आलेली पत्रे इतकी एकसारखी आहेत की निवडक प्रश्नांना येथेच उत्तरे देतो.

प्रश्न : आफ्रिकान्स ही संपूर्ण आफ्रिका खंडाची भाषा आहे का?

उत्तर : नाही; ती मुख्यतः दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया या दोन देशांत बोलली जाते.

प्रश्न : भारतात हिंदीखालोखाल तेलुगूच बोलली जाते ना?

उत्तर : नाही. २०११ च्या जनगणनेत हिंदी, बंगाली, मराठी आणि मग तेलुगू असा क्रम आहे. २००१ मध्ये मात्र तेलुगू तिसरी आणि मराठी चौथी होती.

प्रश्न : नकाशात आफ्रिकान्सने अर्धा देश व्यापलेला दिसतो आणि तेलुगू जेमतेम दोन राज्यांत. मग आफ्रिकान्स मोठी का म्हणू नये?

उत्तर : या एका गैरसमजाशी मी वर्षानुवर्षे झगडत आहे, म्हणून सविस्तर लिहितो. नकाशातला रंग जमिनीला लागतो, माणसांना नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील नॉर्दर्न केप प्रांताचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ७३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहूनही अधिक आहे. २०११ मध्ये तेथील वस्ती मात्र सुमारे साडेअकरा लाख होती. त्यांतले निम्म्याहून थोडे अधिक लोक घरी आफ्रिकान्स बोलत आणि जवळपास एक तृतीयांश सेत्स्वाना. पण रंगवणारा सगळ्या प्रांतावर एकच कुंचला फिरवतो आणि मेंढ्या चरणारे कारू या कोरड्या प्रदेशाचे उजाड माळही आफ्रिकान्सभाषक ठरते. याउलट विभाजनापूर्वीचा आंध्र प्रदेश २ लाख ७५ हजार चौरस किलोमीटरचा होता आणि त्यात साडेआठ कोटींच्या आसपास माणसे राहत होती.

आता माणसे मोजू. योगायोगाने दोन्ही देशांची जनगणना २०११ मध्ये झाली. भारतात तेलुगू मातृभाषा सांगणारे ८ कोटी ११ लाख आणि दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकान्स सांगणारे साधारण ६८ लाख ५५ हजार भरले. येथेही हात आखडता घ्यावा लागतो, कारण आपल्याकडे मातृभाषा विचारतात, तर तिकडे घरात सर्वाधिक बोलली जाणारी भाषा. त्यामुळे या आकड्यांची तुलना ढोबळच राहते. शिवाय सोलापूर, भिवंडी, सिरोंचा येथील तेलुगू या चित्रात उमटतच नाही. नामिबियाचेही तसेच : तेथे आफ्रिकान्स हीच घरची भाषा असलेली कुटुंबे साधारण दहातले एक, आणि १९९० च्या स्वातंत्र्यापासून राजभाषा एकटी इंग्रजी, तरीही भिन्न मातृभाषांची माणसे बाजारात भेटली की अनेकदा आफ्रिकान्सच वापरतात. हा वापर कोणत्या रंगाने दाखवणार? आपल्याला ही तुलना कुठे छापायची असेल तर ते चित्र बाजूला ठेवून जनगणनेचे मूळ तक्ते काढावेत आणि लोकसंख्येच्या अभ्यासकाकडून तपासून घ्यावेत.

प्रश्न : आफ्रिकान्स ही गोऱ्यांची भाषा आहे, असे ऐकतो. खरे आहे का?

उत्तर : ऐकीव आहे. २०११ मध्ये तिच्या भाषकांपैकी सुमारे निम्मे दक्षिण आफ्रिकेच्या जनगणनेत ‘कलर्ड’ (मिश्रवंशीय) म्हणून नोंदलेल्या समाजाचे होते आणि गोरे सुमारे चाळीस टक्के. १६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ केपला ठाणे वसवले. पुढे डच वसाहतवाले, स्थानिक खोईखोई आणि भारत, इंडोनेशिया येथून आणलेले गुलाम यांच्या बोलण्यातून ही भाषा घडली. केळ्याला तीत ‘पिसांग’ म्हणतात, तो शब्द मलायचा. एकोणिसाव्या शतकात केपचे मुसलमान ती अरबी लिपीत लिहीत. तिच्याविषयीचा रागही निराधार नाही, कारण वर्णभेदी सरकारने ती शाळांत लादली आणि १६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोचे विद्यार्थी त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले.

प्रश्न : तेलुगू ही दक्षिण आफ्रिकेची राजभाषा असल्याचा संदेश आला. खरा मानावा का?

उत्तर : मानू नये. १९९६ च्या संविधानात राजभाषा अकरा होत्या, २०२३ मध्ये सांकेतिक भाषा बारावी झाली. त्यांत तेलुगू नाही. मात्र ज्या भाषांचा आदर आणि प्रसार व्हावा अशी वेगळी यादी त्याच संविधानात आहे, तीत गुजराती, हिंदी, तमिळ आणि उर्दूबरोबर तेलुगूचे नाव आहे (मराठीचे नाही). १६ नोव्हेंबर १८६० रोजी मद्रासहून ‘ट्रुरो’ जहाज डर्बनला लागले, त्यातल्या गिरमिटियांबरोबर (करारबद्ध मजुरांबरोबर) तेलुगू तेथील नाताळ वसाहतीत पोहोचली. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी घरात इंग्रजी धरली, आफ्रिकान्स नव्हे.

प्रश्न : मुलाला केप टाऊनला नोकरी लागली आहे. ‘तीस दिवसांत आफ्रिकान्स’ वर्गाचे लोक म्हणतात, त्याशिवाय तेथे निभाव नाही. पैसे भरावेत का? (रत्नागिरी)

उत्तर : इतक्यात भरू नयेत. भीती घालून शुल्क घेण्याची ही जुनी युक्ती आहे. वेस्टर्न केप प्रांताच्या अधिकृत भाषा इंग्रजी, आफ्रिकान्स आणि खोसा या तीन आहेत. कामावर कोणती भाषा लागेल, हे नोकरी देणाऱ्यांकडून आधी लेखी विचारून घ्यावे. आपल्याच जिल्ह्यातून केप टाऊनला गेलेल्या कोकणी मुसलमानांनी कोणताही वर्ग न लावता तेथे संसार थाटले, हेही त्या वर्गचालकांना सांगावे.

प्रश्न : आम्ही पद्मशाली विणकर, घरी तेलुगू बोलतो, पण हैदराबादचे नातेवाईक ती अशुद्ध म्हणून हसतात. आजी ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या मागावरच्या गोष्टी दिवाळीनंतर निवांत लिहून काढाव्यात, असे मनात आहे. (सोलापूर)

उत्तर : अशुद्ध काही नाही, तेलंगणातून आलेली बोली पिढ्यानपिढ्या मराठीच्या शेजारी राहिली, तर तिच्यात मराठी शब्द येणारच. दिवाळीची वाट कशासाठी पाहता? याच रविवारी मोबाईल समोर ठेवून आजींना चादर विणण्याची सारी कृती सांगायला लावा, मध्ये शब्द दुरुस्त करू नका आणि मागाच्या प्रत्येक भागाचे त्यांच्या तोंडचे नाव दोनदा वदवून घ्या. ध्वनिमुद्रण लिपीत उतरवण्याचे काम मात्र स्वतः करू नये. त्यासाठी हैदराबादच्या एखाद्या विद्यापीठातील भाषाविज्ञान विभागाचा सल्ला घ्यावा आणि तेथे जाताना मूळ ध्वनिमुद्रणाची एक प्रत घरी ठेवावी.