भावाचं औषध म्हणून बहिणीचं करिअर?

(आरमोरीजवळच्या गावातून एका शिक्षक वडिलांनी लिहिलंय. मुलगी एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी, 61 टक्के. धाकटा मुलगा 14 वर्षांचा, सिकलसेलचा (रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार), एसएस पॅटर्न, म्हणजे सदोष जनुक आई-वडील दोघांकडून आलेलं. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत जीन सायलेन्सिंग (जनुक गप्प करणं) आणि रक्ताचे आजार या प्रकल्पावर वर्षभराची जागा निघाली आहे. ‘ती घेतली तर घरातूनच भावाच्या दुखण्यावर इलाज निघेल, पण मुलगी टाळाटाळ करते, तिला समजवा,’ असं ते म्हणतात.)

गुरुजी, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. मुलाबद्दल दीड पान आहे. मध्यरात्री उठणारं दुखणं, पाय चेपत काढलेल्या रात्री, नागपूरच्या खेपा. मुलीबद्दल टक्के आहेत आणि ‘ऐकत नाही’ एवढंच. आणि तुमच्या नावाच्या खाली एक ओळ: ‘सर, बाबांनी सांगितलं तसं हे मीच टाईप केलंय.’

मी त्या ओळीवरच अडलो. भाऊ तळमळतोय आणि बहीण मागे सरते, ही स्वतःविरुद्धची तक्रार त्या पोरीने एकही शब्द न बदलता लिहून पाठवली. आता ती नाही कशी म्हणणार? म्हणूनच टाळाटाळ. तुमचा त्रास खरा आहे, पण तो तुम्ही बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवलात, हे मला पटलं नाही.

दुसरं, तुम्ही लिहिता, ‘खराब जनुक गप्प केलं की झालं.’ सिकलसेलमध्ये गोष्ट उलटी आहे. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते गॅमा जनुकावरून बनतं. जन्मानंतर शरीर हे चांगलं जनुक हळूहळू गप्प करतं आणि बीटा जनुक कामाला लागतं. दोष त्या बीटामध्ये. तुमचा मुलगा सहा-सात महिन्यांचा होईपर्यंत ठणठणीत होता ना, तो याचमुळे. ब्रुकलिनच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी 1948 मध्येच टिपलं होतं की अशा नवजात बाळांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी कमी दिसतात. गॅमाला दाबून ठेवणारं बीसीएल11ए हे प्रथिन ओळखायला 2008 उजाडलं. म्हणजे गप्प करायचं ते गप्प करणाऱ्याला! त्यावर बेतलेल्या कॅसजेव्ही या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये मंजुरी दिली. पंचाहत्तर वर्षं गेली, आणि अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे. प्रकल्पावरच्या नव्या मुलीकडून वर्षभरात इलाज मागू नका.

आता जे सांगतो त्याचा राग आला तरी चालेल. हायड्रॉक्सियुरिया ही गोळी बऱ्याच रुग्णांमध्ये तेच झोपलेलं गॅमा जनुक थोडंफार जागं करते. सिकलसेलसाठी ती अमेरिकेत 1998 पासून मान्य आहे. तुमच्या पत्रात एका वाक्यात येऊन जातं, ‘गोळी चालू-बंद असते.’ अहो, ज्या शोधासाठी मुलीला मुंबईला धाडायला निघालात, त्यातला एक तुकडा तुमच्या घरात फडताळावर पडून आहे. मी डॉक्टर नाही. पण ही गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद होते, रक्ततपासणी वेळेवर होते का, हे या आठवड्यात डॉक्टरांना विचारा. चंद्रपूरला आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीच केंद्र आहे, तेही विचारून ठेवा.

राहिली ती जागा. जागा वाईट नाही. पेशी वाढवायच्या, त्यांचं खाद्य बदलायला रविवारीही जायचं, महिनाभराचा प्रयोग बुरशी लागली की फेकून पुन्हा सुरू करायचा. ज्याला त्यात मजा येते त्याला येते, भावाच्या काळजीने ती येत नाही. पुढे पीएच.डी. करायची तर सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी, जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 आणि घरभाडं.

पण पत्रातली एक गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे: ‘कॉलेजच्या सिकल शिबिरात अभ्यास सोडून बायांशी तासन्तास बोलत बसायची.’ काय बोलायची, विचारलंत कधी? नवरा-बायको दोघं वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून सदोष जनुक बाळगत असतील, तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची चारात एक शक्यता, हे गरोदर बाईला न घाबरवता सांगणं सोपं नाही. जेनेटिक काउन्सेलिंग हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, बायोटेक्नॉलॉजीवाल्यांना जमण्यासारखा, आणि हे काम माडिया-गोंडी समजणाऱ्या माणसाने केलं तर आपल्या जिल्ह्याला हवंच आहे. तिला तेच करायचंय असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, कारण तिने काहीच सांगितलेलं नाही.

मुंबईच्या मुलाखतीला तिला एकटीला जाऊ द्या. प्रयोगशाळा बघू दे, तिथल्या मुलांबरोबर चहा पिऊ दे. नको म्हणाली तर घरात भावाचं नाव काढायचं नाही. पुढचं पत्र तिने तिच्या मनाने लिहावं, तुम्हाला न दाखवता. तुम्ही वेगळं लिहा, आणि गेल्या महिन्यात गोळी किती दिवस चुकली तो आकडा त्यात टाका.