मुलगा सोळा वर्षांचा झाला, फोंड्यात ट्यूशनला जायला घरची अ‍ॅक्टिव्हा दिली तर चालेल का?

नाही चालणार, लायसन्स काढून दिलं तरी नाही. सोळाव्या वर्षी मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं आणि तुमच्या आरसीवर सीसीच्या रकान्यात बघा, 109 किंवा 124 असं काहीतरी दिसेल, म्हणजे त्या गाडीला अठरा पूर्ण लागतातच. गल्लीबोळात सगळेच देतात म्हणून आपणही द्यावी असं वाटतं खरं, पण मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 199ए कलम आलंय ते जरा वाचा: पोरगा पकडला गेला तर पालक किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. वर अपघात झालाच तर इन्शुरन्सवाले हात वर करायला बघणार ते वेगळंच. फक्त 25 च्या आत स्पीड आणि 250 वॅटच्या आत मोटर असलेल्या बॅटरी स्कूटरला लायसन्स लागत नाही, पण दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका, टेस्टिंग एजन्सीचा कागद मागा. आणि हेल्मेट तिच्यावरही घालू दे, बोरी पुलावर ट्रक काही वॅट मोजत नाहीत.