भूक असह्य झाली की घोड्यासारख्या प्राण्याचं मांस खाण्याची किळस जाते का?

जाते, पण पोट रिकामं झाल्याबरोबर नाही. कधी कधी महिने लागतात. याचं आपल्या माणसांशी जोडलेलं उदाहरण म्हणजे पहिल्या महायुद्धात तुर्की फौजेनं इराकमधल्या कुत शहरात ब्रिटिश-हिंदी सैन्याला घातलेला वेढा, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. तिथे अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणीही होत्या. रसद आटली तशी घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. ब्रिटिश सैनिक ते मांस खाऊ लागले, बहुतेक हिंदी शिपायांनी मात्र नाकारलं. याची मोठी किंमत त्यांनी मोजली. मुख्य वैद्यकीय अधिकारी पॅट्रिक हेहिर यांच्या नोंदींनुसार, ताजं मांस खाणारे स्कर्व्हीपासून, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगापासून, बरेचसे वाचले आणि न खाणाऱ्यांमध्ये तो पसरला. स्कर्व्हीत हिरड्या सुजतात, रक्त येतं, जुन्या जखमा भरत नाहीत. भाजी म्हणून ही माणसं रानातला पाला खुडून उकडून खात होती, पण घोड्याला हात लावत नव्हती! हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप आले, तरी मन वळेना. शेवटी एप्रिलमध्ये, जवाच्या पिठाचा शिधा अगदीच घटल्यावर, हजारोंनी ते खाल्लं.

एक मात्र लक्षात घ्या: ही नुसती किळस नव्हती. जात बाटेल, गावी परतल्यावर आपल्याला पंगतीत कोण घेईल, ही धास्ती त्यात होती. निव्वळ चवीची किंवा वासाची शिसारी भुकेपुढे त्यापेक्षा लवकर नमते, असं मला वाटतं.